एका बुडीत खात्याची गोष्ट

यशस्वी माणसाचं चरित्र लिहायला फारशी अक्कल लागत नाही, असं माझं जुनं मत आहे. लहानपणी गरिबी, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, एखादा प्रेमळ मास्तर, मग परदेशगमन आणि शेवटी पुतळा. बँकेतल्या छापील फॉर्मसारखंच ते. मधल्या रिकाम्या जागा भरल्या की काम झालं. खरी पंचाईत होते ती अपयशी माणसाचं चरित्र लिहिताना. मुळात पहिला प्रश्न असा की, लिहायचं कशाला? आणि लिहिलंच, तर शेवट कुठं करायचा? यशस्वी माणसाची गोष्ट पुतळ्यापाशी संपते. अपयशी माणसाची बहुधा घरमालकापाशी संपते.

तरीसुद्धा हा उद्योग हॉलिवूडमधल्या टिम बर्टन नावाच्या दिग्दर्शकानं १९९४ साली केला. चित्रपटाचं नाव 'एड वूड'. ज्याच्यावर तो काढला, त्याला जगातला सर्वांत वाईट दिग्दर्शक म्हणून बक्षीस मिळालेलं होतं. ही माझी कोटी नाही, नोंद आहे. मेडवेड आडनावाच्या दोन भावांनी १९८० साली 'गोल्डन टर्की अवॉर्ड्स' नावाचं पुस्तक काढलं. पडेल सिनेमाला अमेरिकेत टर्की म्हणतात. टर्की म्हणजे कोंबडीच, फक्त अंगानं थोराड. त्या पुस्तकात आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट म्हणून 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' निवडला गेला आणि सर्वांत वाईट दिग्दर्शक म्हणून तो काढणारा एड वूड. सत्कारमूर्ती मात्र समारंभाला हजर राहू शकले नाहीत. ते दोन वर्षांपूर्वीच वारले होते.

हा एडवर्ड डेव्हिस वूड १० ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी नावाच्या गावी जन्मला. वडील टपाल खात्यात नोकरीला. म्हणजे आपल्यासारखंच घर. पहिल्या तारखेला पगार आणि शेवटच्या आठवड्यात उसनवारी. अशा घरातल्या मुलानं निमूटपणे तिकिटांवर शिक्के मारायला लागावं, अशी जगाची अपेक्षा असते. पण ह्याच्या डोक्यात सिनेमा शिरला. दुसऱ्या महायुद्धात तो मरीन दलात लढला, जिवंत परत आला आणि १९४७ साली हॉलिवूडला जाऊन धडकला. युद्धातून वाचलेला माणूस तिथं काही वाचला नाही.

आमच्या कर्जाच्या खिडकीवर दोन प्रकारची माणसं येतात. एक कागदपत्रं घेऊन येतात आणि दुसरी नुसता उत्साह घेऊन येतात. या दुसऱ्यांना आम्ही खुर्ची देतो, कधीमधी चहाही देतो. कर्ज देत नाही. उत्साहाला तारण म्हणून धरण्याची सोय कुठल्याच परिपत्रकात नाही. एड वूड हा पक्का दुसऱ्या प्रकारातला माणूस. पण गंमत अशी की, त्याला पैसे मिळत गेले. पुरेसे कधीच नाहीत. पण पुढचं संकट उभं करण्यापुरते दर वेळी मिळाले.

पहिल्यांदा मिळाले ते जॉर्ज वाइस नावाच्या निर्मात्याकडून. १९५२ साली क्रिस्टीन जॉर्गेन्सेन या व्यक्तीनं शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुरुषाची स्त्री झाली, ही बातमी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापली होती. तवा तापलाय तोवर पोळी भाजून घ्यावी, एवढाच वाइससाहेबांचा हिशेब. एडनं ते काम ओढून आणलं आणि काढलं भलतंच. झालं होतं असं की, एडला स्वतःलाच बायकांचे कपडे घालायची ओढ होती. अंगोरा लोकरीचा मऊ स्वेटर हा तर त्याचा जीव की प्राण. तेव्हा शस्त्रक्रिया राहिली बाजूला आणि 'ग्लेन ऑर ग्लेंडा' हा १९५३ सालचा चित्रपट झाला स्वेटरची आवड असलेल्या एका सज्जन माणसाची कैफियत. नायक खुद्द एड, टोपणनावानं. नायिका त्याची तेव्हाची मैत्रीण डोलोरेस फुलर. शेवटी ती समजूतदारपणे अंगातला स्वेटर काढून त्याच्या हाती देते. चार दिवसांत चित्रीकरण उरकलं. मध्येच बेला लुगोसी हा म्हातारा नट पडद्यावर येऊन आरडाओरडा करतो आणि गव्यांचा एक कळप उधळत जातो. गव्यांचा कथेशी संबंध काय, असं विचारू नका. ती फिल्म तयार पडलेली होती, एवढाच संबंध.

आता यावर हसायचं तर खुशाल हसा, मीही हसलो. पण १९५३ सालच्या अमेरिकेत अशी गोष्ट नुसती कळली तरी माणूस नोकरीला मुकायचा. तिथं हा गडी स्वतः बायकी वेशात कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, आम्हालाही माणसांत घ्या. छातीला शंभरपैकी शंभर, संकलनाला शून्य. आपली परीक्षापद्धती अशी की, छातीचा पेपरच नसतो.

पुढं १९५५ साली 'ब्राइड ऑफ द मॉन्स्टर' आला. त्याचे पैसे एका मांसाच्या व्यापाऱ्यानं दिले. अट एकच : आमच्या चिरंजीवांना नायक करा. चिरंजीव नायक झाले. (ही पद्धत आपल्याकडंही चालू आहे, फक्त आपल्याकडं व्यापारी मांसाचे नसतात.) या चित्रपटात एक रबरी ऑक्टोपस आहे. बर्टनच्या चित्रपटात दाखवलंय की, एडची मंडळी तो एका बड्या स्टुडिओच्या गोदामातून रात्री पळवून आणतात. पण त्याचे पाय हलवणारी मोटर आणायची राहते. तेव्हा सत्तरी ओलांडलेला लुगोसी मध्यरात्री गार पाण्यात उतरतो, ते निर्जीव पाय स्वतःच्याच हातानं स्वतःभोवती गुंडाळतो आणि 'मेलो, मेलो' करून ओरडतो. संकट आपलं आपणच अंगाभोवती गुंडाळून घ्यायचं आणि वर आपणच बोंबलायचं, हे दृश्य मला तर फार ओळखीचं वाटलं. घरासाठी कर्ज काढणारे आमचे निम्मे खातेदार दुसरं काय करतात?

याच चित्रपटाच्या चित्रीकरणात टोर जॉन्सन नावाचा भला थोरला स्वीडिश पहिलवान दारातून जाताना चौकटीला धडकतो आणि सगळा सेट गदगदा हलतो. कॅमेरामन विचारतो, परत घ्यायचं का? एड प्रसन्न चेहऱ्यानं सांगतो, छे छे, हा राक्षस खरोखरच असता, तर त्याला रोजच दाराचा असा त्रास झाला असता! एडच्या डोक्यात सिनेमा आधीच पूर्ण आणि उत्तम झालेला असायचा. पडद्यावर जे उमटायचं, ती त्या सिनेमाची कार्बन कॉपी, आणि कार्बन जुना. आपण कॉपी बघून हसतो. तो मात्र शेवटपर्यंत मूळ प्रतच बघत राहिला.

लुगोसीचं प्रकरण जरा वेगळं आहे. हा हंगेरियन माणूस, जन्म १८८२ चा. १९३१ साली 'ड्रॅक्युला' या चित्रपटानं तो जगभर गाजला आणि तिथंच अडकला. पुढं त्याला कुणी दुसरं काम देईना आणि शेवटी शेवटी कसलंच काम देईना. दुखण्यावर म्हणून घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन जडलं. १९५५ साली त्या म्हाताऱ्यानं आपल्या पायांनी सरकारी इस्पितळात जाऊन उपचारांसाठी स्वतःला दाखल करून घेतलं. या पडत्या काळात त्याला मेकअप लावून कॅमेऱ्यापुढं उभं करणारा माणूस म्हणजे एड वूड. आता एडनं त्याच्या नावाचा फायदा उठवला की म्हाताऱ्याला आधार दिला? बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला द्विनोंदी पद्धत शिकवली होती. प्रत्येक व्यवहाराची नोंद दोन बाजूंना करायची, एक जमेला आणि एक नावे. त्या दोघांच्या दोस्तीची नोंदसुद्धा तशीच करावी लागेल. लुगोसीशिवाय एडला कुणी दारात उभं केलं नसतं आणि एडशिवाय लुगोसीच्या दारात कुणी उभं राहिलं नसतं. बर्टनचा चित्रपट सगळा हसण्याचा आहे. पण हे दोघे एकमेकांकडं बघतात तिथं हसू आपोआप थांबतं.

लुगोसी १६ ऑगस्ट १९५६ रोजी वारला. त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यासकट पुरलं. एडकडं त्याची काही मिनिटांची मूक फिल्म शिल्लक होती. त्यात म्हातारा घरातून बाहेर येतो, एक फूल हुंगतो, झगा फडकवतो, एवढंच. दुसऱ्या कुणी ती आठवण म्हणून कपाटात ठेवली असती. एडनं तिच्याभोवती एक अख्खा चित्रपट रचला. तोच तो 'प्लॅन नाइन'. परग्रहावरची माणसं तबकड्यांतून येतात आणि पृथ्वीवरची मढी उठवतात, अशी कथा. उरलेल्या प्रसंगांत लुगोसीच्या जागी उभं केलं बायकोच्या हाडवैद्याला. हाडवैद्य लुगोसीपेक्षा उंच आणि चेहऱ्यात काडीचंही साम्य नाही, म्हणून त्यानं सबंध चित्रपटभर झग्यानं तोंड झाकून हिंडायचं. खातेदार मयत झाल्यावरही खात्यावर व्यवहार चालू आणि सही तर जुळतच नाही! आमच्याकडं असं झालं असतं तर चौकशी बसली असती.

या वेळी पैसे दिले बाप्टिस्ट पंथाच्या काही भाविक मंडळींनी. त्यांच्या अटीही त्यांच्या धंद्याला शोभणाऱ्या. थडगी उकरणाऱ्यांचा उल्लेख असलेलं मूळ नाव बदला आणि नटांपैकी काहींनी बाप्तिस्मा घ्या. आम्ही कर्जदाराकडं दोन जामीन मागतो, पण त्यांनी तर थेट वरचाच जामीन मागितला. काही मंडळींनी बाप्तिस्मा घेतला, नाव बदललं आणि चित्रपट पुरा झाला. थडगी इतकी हलकी की माणूस शेजारून गेला तरी डुलतात. एकाच प्रसंगात कधी भर दुपार, कधी मध्यरात्र. तबकड्या म्हणजे दुकानात मिळणारी प्लॅस्टिकची खेळणी. चित्रपटाच्या सुरुवातीला क्रिस्वेल नावाचा भविष्यवेत्ता गंभीर आवाजात निवेदन करतो. या क्रिस्वेलनं पुढं एका पुस्तकात १८ ऑगस्ट १९९९ रोजी जगाचा अंत होणार असल्याचं छापलं होतं. त्या दिवशी बुधवार होता. मी बी.कॉम.ला होतो. जग संपल्याचं आमच्या कॉलेजनं तरी काही कळवलं नाही.

आता थोडं आकड्यांत शिरू. त्याशिवाय मला करमत नाही. 'प्लॅन नाइन'ला खर्च आला सुमारे ६० हजार डॉलर. त्या चित्रपटावरचा आणि तो काढणाऱ्यावरचा बर्टनचा चित्रपट काढायला लागले १ कोटी ८० लाख डॉलर. म्हणजे एका 'एड वूड'च्या पैशांत तीनशे 'प्लॅन नाइन' निघाले असते. त्यातून रंगीत जमान्यात बर्टननं चित्रपट कृष्णधवल काढायचा हट्ट धरला. त्यापायी आधीच्या कंपनीनं हात वर केले आणि डिस्नेच्या मंडळींना पुढं यावं लागलं. एडची भूमिका जॉनी डेपनं केली, लुगोसीची मार्टिन लँडाऊनं. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. लँडाऊला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं आणि रंगभूषेलाही एक मिळालं. खुद्द लुगोसीला आयुष्यात ऑस्करचं साधं नामांकनही मिळालं नव्हतं. त्याची नक्कल करणाऱ्याला बाहुलीच मिळाली. आणि तिकीटबारीवर गल्ला किती? सुमारे ५९ लाख डॉलर. खर्चाच्या तिसरा हिस्सा. जी तूट आली, त्यात दोनशे 'प्लॅन नाइन' बसतात. म्हणजे जन्मभर मरमर मरून एडला जेवढं बुडवता आलं नाही, त्याच्या कित्येक पट त्याच्यावरच्या उत्तम चित्रपटानं एका दमात बुडवलं. चांगलं काम करूनही बुडता येतं, हे एडला कळलं असतं तर त्याला फार बरं वाटलं असतं.

हा चित्रपट संपतो तो 'प्लॅन नाइन'च्या पहिल्या खेळापाशी. मोठं, झगमगीत थिएटर, भरगच्च गर्दी, एड सुटाबुटात भाषण करतोय. त्याआधी एका हॉटेलात त्याची गाठ साक्षात ऑर्सन वेल्सशी पडते आणि तो थोर दिग्दर्शक त्याला धीर देतो. वाचकहो, यातलं काहीही घडलेलं नाही. वेल्सची भेट काल्पनिक, झगमगीत खेळही काल्पनिक. प्रत्यक्षात १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये एक साधा खेळ झाला आणि मग चित्रपट सगळीकडं लागायला पुढं दोनेक वर्षं गेली. चित्रपटात लुगोसी एकटाच खितपत पडलेला दाखवलाय. खरं म्हणजे १९५५ साली त्यानं पुन्हा लग्न केलं होतं.

बँकवाल्याला या सगळ्याचं नवल वाटत नाही. आमच्या धंद्यात मार्चअखेर नावाचा एक सण असतो. वर्षभर खात्यांची काहीही अवस्था असो, ३१ मार्चच्या रात्री ताळेबंद देखणा दिसला पाहिजे. त्या एका रात्रीसाठी ठेवी येतात, थकलेले हप्ते भरले जातात. १ एप्रिलला पुन्हा येरे माझ्या मागल्या. विनोदी चरित्रपट म्हणजे अशी मार्चअखेर आहे. कुठल्या तारखेचा ताळेबंद काढायचा, एवढ्यावर सगळा खेळ. आपल्याकडं परेश मोकाशींनी २००९ साली 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' काढला, तोही असाच हसतखेळत. विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायतेला जाणारे दादासाहेब फाळके, गिरगावात ३ मे १९१३ रोजी लागलेला 'राजा हरिश्चंद्र' आणि मग आनंदीआनंद. फाळक्यांनी भारतीय चित्रपटसृष्टीचा पायाच घातला, त्यांची एडशी बरोबरी नाही. पण तो चित्रपटही १९४४ सालच्या नाशिकपर्यंत जात नाही, जिथं दादासाहेबांचे अखेरचे दिवस उपेक्षेत गेले. नेला असता तर आपण हसत बाहेर पडलो नसतो.

एडचा १ एप्रिल तर फारच लांबला. 'नाइट ऑफ द घूल्स' नावाचा त्याचा पुढचा चित्रपट पूर्ण झाला. पण फिल्म धुणाऱ्या लॅबचं बिल भरायला पैसे नव्हते, म्हणून तो लॅबमध्येच अडकून पडला. दुसऱ्याच कुणीतरी बिल भरून १९८० च्या दशकात तो सोडवला, तेव्हा एड नव्हता. मधल्या काळात पोटासाठी त्यानं चवचाल कादंबऱ्या डझनांनी खरडल्या आणि जोडीला दारू. १९७८ च्या डिसेंबरात भाडं थकलं म्हणून नवराबायकोला घराबाहेर काढलं. काही दिवसांतच, १० डिसेंबरला, मित्राच्या घरी हृदयविकारानं एड गेला. वय वर्षं ५४. आमच्याकडं हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीएत जातं. एडचं खातं पंचवीसएक वर्षं थकलेलं होतं. तरी तो रोज नव्या उत्साहानं काउंटरवर हजर.

चित्रपट संपल्यावर मी ही सगळी माहिती आमच्या सौभाग्यवतींना पुरवत होतो. अपयशाचं तेज, ध्येयवेडेपणा, वगैरे. तिनं मध्येच विचारलं, "आणि त्या बायकोचं काय झालं?"

चरित्रात हा प्रश्न नेहमी तळटीपेत असतो. कॅथी वूड १९५६ च्या सुमारास एडच्या आयुष्यात आली आणि अखेरपर्यंत राहिली. स्वेटरसकट, दारूसकट, घरमालकासकट. एड गेल्यावर दुसऱ्यांदा लग्न केलं नाही. २००६ साली वारली. नवऱ्याला जगातला सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरवलेलं तिनं ऐकलं आणि त्याच नवऱ्यावर ऑस्कर मिळवणारा चित्रपट निघालेलाही तिनं पाहिला. उत्साह तारण म्हणून कुणीच घेत नाही, असं मी मघाशी म्हणालो. तिनं घेतला होता आणि वसुलीला कधी आली नाही. मेडवेड बंधूंनी एडला हसताना हा कागद फायलीला लावलाच नव्हता. बर्टननं तो लावला, म्हणून त्याचं हसणं बोचत नाही.

चित्रपटातलं शेवटचं दृश्य असं आहे. भाषण झाल्यावर एड चालू खेळातून बाहेर पडतो आणि कॅथीला म्हणतो, चल, आत्ताच्या आत्ता लास व्हेगासला जाऊन लग्न करू. बाहेर पाऊस कोसळतोय. मोटारीचं टप अडकलंय, ते काही केल्या वर येत नाही. दोघंही उघड्या मोटारीत निथळत बसलेली. आणि एड तिला समजावतोय की, पाच तासांचाच तर रस्ता आहे. वाळवंट आलं की पाऊस थांबेलच, कदाचित या पुढच्या वळणावरच थांबेल.

मला तिथं गहिवरून आलं. शेजारून सौभाग्यवतींचा आवाज आला, "लग्नाचं बोलायच्या आधी टप दुरुस्त करून घ्यायला काय झालं होतं त्याला?" पण तिनंही डोळ्यांना पदर लावलेला होता.